सोसायटीतली घसरगुंडी कशी तपासावी

मोजायची टेप आणि टोकाला मोठं बटण बांधलेली जाड नाडी एवढं सामान पुरतं. एप्रिल-मेमधली दुपारी दोनची वेळ निवडा. तापलेल्या पत्र्याचा दोष सकाळी दिसत नाही.

सुरुवात जमिनीपासून करा. घसरगुंडी कितीही चांगली असली तरी खाली फरशी, काँक्रीट किंवा घट्ट माती असेल तर ती वापरात ठेवू नये. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शनाप्रमाणे दबलेल्या वाळूचा २३ सेंमी थर फक्त १.२ मीटर उंचीवरून पडण्याला पुरतो. तेवढाच थर लाकडाच्या ढलप्यांचा असेल, तर ३ मीटरपर्यंत चालतो. सुटा थर साधारण चौथ्या हिश्शाने दबतो, म्हणून भरताना ३० सेंमी भरा. उतरण्याच्या जागी पाय घासून खड्डा पडतो आणि खांबाचं काँक्रीट उघडं होतं. तिथे दर आठवड्याला फावडं मारा. पावसात वाळू घट्ट बसते, तेव्हा ती खणून मोकळी करावी लागते. रबरी टाइल बसवली असेल तर पुरवठादाराकडे तिचं प्रमाणपत्र मागा आणि किती उंचीवरून पडण्यासाठी ती तपासली आहे ते त्यात बघा. मऊ लागते म्हणजे चालेल, असं नसतं. सभोवती १.८ मीटर जागा मोकळी हवी. घसरगुंडी त्याहून उंच असेल तर उतरण्याच्या बाजूला तिच्या उंचीइतकी, जास्तीत जास्त २.४ मीटर.

आता उतार. सरळ घसरगुंडीचा सरासरी कोन ३० अंशांच्या आत हवा. कोनमापक नको: उंचीला ०.५८ ने भागा, निदान तेवढं आडवं अंतर हवं. दीड मीटर उंचीला सुमारे २.६ मीटर. बाजूच्या कडा निदान १० सेंमी उंच. खालचा सपाट भाग निदान २८ सेंमी लांब हवा. घसरगुंडी १.२ मीटरहून उंच असेल तर तो जमिनीपासून १८ ते ३८ सेंमीवर असावा. त्याहून खाली असला तर पाय अडकतात, वर असला तर मूल माकडहाडावर आपटतं.

वरच्या ओट्यावर सगळ्यांत जास्त वेळ द्या. नाडीचं बटण प्रत्येक फटीतून, बोल्टच्या डोक्यावरून, कठडा आणि पन्हळ (घसरायचा भाग) जिथे जुळतात तिथून ओढा. कुठेही अडकलं तर ती फट बंद करा. जर्किनची नाडी, ओढणी, गळ्यातला काळा दोरा असाच अडकतो आणि खाली सरकणाऱ्या मुलाला फास बसतो. परदेशात मुलं यात दगावली आहेत. सायकलचं हेल्मेट काढूनच वर पाठवा. कठड्याच्या गजांमधलं अंतर ९ ते २३ सेंमी असेल तर धड निघतं, डोकं अडकतं.

इंग्लंडमध्ये केटरिंगच्या विक्स्टीड पार्कमधली १९२० च्या दशकातली घसरगुंडी लाकडी फळ्यांची होती. आता सामान बदललं, तसे दोषही बदलले. आपल्याकडच्या जुन्या सिमेंट-मोझॅकच्या घसरगुंडीच्या कडा फुटून धारदार होतात. स्टीलच्या पत्र्याचा सांधा उचलला जातो. फायबरवरचा चकचकीत थर उडाला की काचेची कुसं मांडीत शिरतात; रंग मारून ते झाकू नका, राळेचा नवा थर द्यायला सांगा. प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होऊन बोल्टपाशी तडकतं. बंद नळीत आत कोण आहे ते दिसत नाही, म्हणून खालून चढू देऊ नका. पत्र्यावर मनगटाची आतली बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर ऊन उतरेपर्यंत साखळी लावा. गडद प्लॅस्टिकही भाजतं. नवी बसवताना उतार उत्तरेकडे ठेवा, जमल्यास झाडाच्या सावलीत.

लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरणं अनेकांना सुरक्षित वाटतं. उलट त्यानेच नडगीचं हाड मोडतं: मुलाच्या बुटाचा रबरी तळ कडेला अडकतो, मोठ्या माणसाचं वजन मात्र पुढे सरकत राहतं. मूल एकटं बसू शकत नसेल तर ती घसरगुंडी त्याच्या वयाची नाही.