तरणतलावाचं पाणी बिघडलं? आधी गेज बघा, क्लोरीन नंतर

लोणावळा, कर्जत, अलिबागकडच्या बंगल्यांत पाणी जरा गढुळलं की लगेच क्लोरीनचा डबा उघडतात. पण दोष बऱ्याचदा औषधात नसून पाणी नीट न फिरण्यात असतो. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला ठेवा: आधी प्रवाह, मग फिल्टर, मग पीएच आणि शेवटी क्लोरीन.

पहिल्यांदा तलावात पाणी किती मावतं ते काढा. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४०,००० लिटर पाणी असतं. पुढची मापं याच तलावाची आहेत. सहा ते आठ तासांत एवढं पाणी फिल्टरमधून जायला हवं, म्हणजे ताशी ५,००० ते ६,७०० लिटर.

पाणी स्किमर (काठाजवळचं, वर तरंगणारा कचरा ओढून घेणारं तोंड) आणि तळाच्या ड्रेनमधून पंपाकडे, तिथून वाळूच्या फिल्टरमध्ये आणि इनलेटमधून परत तलावात येतं. पंप बंद करून स्किमरची आणि पंपाची जाळी रिकामी करा. स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत पाणी हवं. पातळी त्याहून खाली गेली की पंप हवा ओढतो आणि इनलेटमधून बुडबुडे येतात. पातळी ठीक असूनही बुडबुडे येत असतील तर पंपाच्या झाकणाची ओ-रिंग बघा. ती सुकलेली असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा, चिरलेली असेल तर बदला.

आता फिल्टरवरचा प्रेशर गेज. फिल्टर स्वच्छ असतानाचा आकडा टाकीवरच मार्करने लिहून ठेवा. दाब त्याहून अर्धा बार वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवा:

१. पंप बंद करा.
२. फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (हँडल फिरवून पाण्याची वाट बदलणारा) 'बॅकवॉश'वर आणून पंप चालू करा. व्हॉल्व्हजवळच्या काचेत पाणी नितळ दिसेपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटं, चालू ठेवा.
३. पंप बंद करा, 'रिन्स'वर अर्धा ते एक मिनिट चालवा. हे टाळलं तर घाण परत तलावात येते.
४. पुन्हा पंप बंद करून 'फिल्टर'वर या.

चालू पंपावर हँडल फिरवू नका. आतलं गॅस्केट सरकतं आणि पाणी गुपचूप वेस्टच्या (सांडपाण्याच्या) पाइपने वाहत राहतं. 'तलाव गळतोय' या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं. दाब कमी आणि प्रवाहही कमी असेल, तर अडथळा पंपाच्या अलीकडे, बहुधा जाळीतच असतो.

पाणी नीट फिरायला लागलं की टेस्ट किट काढा. पीएच ७.२ ते ७.६, मुक्त (जंतू मारायला शिल्लक असलेलं) क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा क्षारपणा) ८० ते १२० पीपीएम हवी. अल्कलिनिटी २० पीपीएमने वाढवायला सुमारे १.३ किलो खाण्याचा सोडा लागतो. पीएच ८ झाला की क्लोरीनचा जेमतेम पाव भागच जोमाने काम करतो. अशा वेळी हायड्रोक्लोरिक ॲसिड एका वेळी २५० मिली, बादलीभर पाण्यात ओतून, पंप चालू असताना घाला आणि चार तासांनी पुन्हा मोजा. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

क्लोरीनच्या निवडीत मात्र गोम आहे. ९० टक्क्यांच्या टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) गोळ्या सोयीच्या, पण प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून जपणारं, पण जास्त झालं तर त्याचा जोर घटवणारं) पाण्यात साठतं. ते शंभरपलीकडे गेलं की क्लोरीन मोजणीत भरपूर दिसतं आणि शेवाळ तरीही वाढतं. उपाय एकच, थोडं पाणी बदलणं. सह्याद्रीच्या पावसात ओसंडणारं पाणी हे काम फुकटात करतं, पण सोबत अल्कलिनिटीही उतरवतं. ६५ टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोक्लोराइटने सायन्युरिक वाढत नाही, कॅल्शियम वाढतं. बोअरचं जड पाणी असेल तर टाइल्सवर पांढरा थर धरतो. शेवाळावर १० पीपीएमचा शॉक (एकदम मोठा डोस) द्यायचा तर हे सुमारे ६०० ग्रॅम लागतं. ते सूर्यास्तानंतर घाला, कारण उन्हात क्लोरीन उडून जातं. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट ही दोन औषधं एका डब्यात किंवा एकाच मापाने हाताळू नका, एकमेकांत मिसळली तर आग लागू शकते, स्फोटही होतो. मोरचूद टाकायची सवय तर सोडाच. तांब्याचे डाग प्लास्टरवर बसतात आणि सहजी निघत नाहीत.

गळतीची खरी शंका असेल तर तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी खुणेने नोंदवा. २४ तासांत बाहेरची जास्त उतरली तर गळती आहे, नाहीतर बाष्पीभवन. दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करायचा तो उन्हाळ्यातच. पावसाळ्यात भूजल वर आलेलं असताना रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाते आणि तळाला भेगा पडतात.