भाऊबीजेच्या पंगतीसाठी घरच्या घरी करता येणारे सोपे गोड पदार्थ

दिवाळीचा फराळ डब्यांत भरून ठेवलेला असला, तरी भाऊबीजेला लेकी-जावई आणि नातवंडे एकत्र जमली की पानात काहीतरी ताजे गोड वाढावे, असे प्रत्येक घरात वाटते. अडचण अशी, की त्याच दिवशी ओवाळणी, पाहुण्यांची ये-जा आणि पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक एकाच वेळी सुरू असतो, आणि घरातल्या जावा-नणंदांना शेगडीपासून हलता येत नाही. म्हणून अशा दिवसासाठी गोड पदार्थ निवडताना तो किती भारी आहे यापेक्षा तो केव्हा करून ठेवता येतो, हे आधी पाहावे. पंगत बसल्यावर कुणाला तरी कढईसमोर उभे राहावे लागेल, असा पदार्थ त्या दिवशी करूच नये. जिलेबी आणि पुरणपोळी चार माणसे घरात असताना करावी, तिची मजा तेव्हाच आहे.

खाली दिलेली सर्व प्रमाणे साधारण पंधरा माणसांसाठी आहेत. सगळे पदार्थ एकाच दिवशी करण्याचे कारण नाही. एक दुधाचा थंड पदार्थ, एक हातात घेऊन खाता येईल असा कोरडा पदार्थ, एवढे दोन नीट जमले तरी पंगत समाधानाने उठते.

सीताफळाची बासुंदी

मराठवाड्यात दिवाळी आणि सीताफळाचा हंगाम एकत्र येतात, त्यामुळे दुधाच्या पदार्थात पहिला मान सीताफळाच्या बासुंदीलाच द्यावा. बालाघाटच्या डोंगररांगेत, धारूर-अंबाजोगाईच्या बाजूला, सीताफळाची झाडे माळावर आणि डोंगरउतारावर आपोआप वाढतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. बाजारात मोठ्या आकाराची, कमी बियांची सीताफळे हल्ली सहज मिळतात आणि गर काढायला ती सोपी असतात, परंतु बासुंदीला जी गोडी आणि जो वास लागतो तो गावरान फळात अधिक असतो, असे माझे मत आहे. बिया काढण्याचा त्रास त्यासाठी सोसावा.

फळे भाऊबीजेच्या तीन-चार दिवस आधी, पक्व पण कडक अशी घ्यावीत. ज्या फळाचे डोळे मोठे होऊन एकमेकांपासून सुटलेले आहेत आणि दोन डोळ्यांमधली रेघ पिवळसर किंवा किंचित गुलाबी दिसते, ते फळ घरी ठेवल्यावर नक्की पिकते. ज्याचे डोळे घट्ट मिटलेले आहेत ते बहुधा तसेच काळे पडून कडक राहते. फळे ज्वारीच्या किंवा गव्हाच्या धान्यात, नाहीतर कागदात गुंडाळून टोपलीत ठेवावीत. कच्चे फळ फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण थंडीने साल काळी पडते आणि फळ पिकतही नाही. देठाजवळ अंगठ्याने हलके दाबल्यावर बोट आत गेले की फळ तयार झाले असे समजावे, आणि त्यानंतर मात्र ते फ्रीजमध्ये एक दिवस खुशाल राहते.

अडीच लिटर म्हशीचे सायीसकट दूध घ्यावे. जाड बुडाच्या कढईत आधी थोडे पाणी फिरवून टाकून द्यावे आणि मग दूध ओतावे, म्हणजे ते बुडाला लवकर लागत नाही. एक उकळी आल्यावर आच मध्यम-मंद करावी आणि दर दोन-तीन मिनिटांनी उलथण्याने तळ खरवडून ढवळत राहावे. कढईच्या कडेला जी साय धरते ती खरवडून पुन्हा दुधात सोडावी, कारण बासुंदीचा दाणेदार दाटपणा या सायीतूनच येतो. दूध साधारण दीड लिटरच्या खाली उतरेपर्यंत, म्हणजे सव्वा तासाच्या आसपास, आटवावे. साखर शेवटच्या दहा मिनिटांत घालावी. ती घातल्यावर दूध थोडे पातळ झाल्यासारखे वाटते, पण पाच-सात मिनिटांत पुन्हा दाट होते. सीताफळ मुळातच फार गोड असल्याने १२५ ग्रॅम साखर पुरते, त्याहून अधिक घातल्यास फळाची चव मागे पडते. वेलची घालायचीच असेल तर चिमूटभर घालावी. केशर-जायफळ या बासुंदीत घालू नये.

आता या कृतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. आटवलेले दूध पूर्ण थंड झाल्याशिवाय त्यात गर घालू नये, आणि गर घातल्यावर बासुंदी कधीही गरम करू नये. सीताफळाचा गर तापला की त्याला कडवट चव येते, ती साखरेनेही जात नाही. म्हणून दूध आदल्या दिवशी संध्याकाळी आटवून, गार करून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे आणि गर सकाळी त्यात मिसळावा.

दीड ते दोन किलो फळांतून ६०० ग्रॅमच्या आसपास गर निघतो. फळ हाताने दोन भागांत उघडून चमच्याने गर एका मोठ्या चाळणीत काढावा, सालीलगतचा रवाळ थर फार खरवडू नये. चाळणी पातेल्यावर ठेवून डावाच्या पाठीने किंवा स्वच्छ हाताने गर फिरवत राहिल्यास बिया वर राहतात आणि गर खाली उतरतो. हे काम घरातल्या दोन मोठ्या मुलांना देता येते आणि ती ते आनंदाने करतात. मात्र वेळ वाचवण्यासाठी बियांसकट गर मिक्सरमधून काढण्याचा मोह टाळावा. सीताफळाची बी अखंड पोटात गेली तर सहसा काही होत नाही, पण फुटलेली बी कडू असते आणि विषारीही असते, डोळ्याला तर ती फारच घातक आहे. लहान मुलांच्या वाट्या भरताना एखादी बी राहिली नाही ना, हे चमचा फिरवून पाहावे. काढलेला गर उघडा ठेवल्यास काळसर पडतो, म्हणून तो लगेच थंड दुधात मिसळावा आणि भांडे झाकून पुन्हा फ्रीजमध्ये ठेवावे. वीज जाण्याची भीती असेल तर एका मोठ्या पातेल्यात बर्फाचे पाणी घालून त्यात बासुंदीचे भांडे ठेवल्याने दोन-तीन तास ती चांगली गार राहते.

खव्याचे पेढे

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुका आणि कुंथलगिरीचा परिसर खव्यासाठी प्रसिद्ध आहे. कुंथलगिरीच्या खव्यालाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तो खवा मिळाला तर उत्तमच, पण कुठलाही खवा घेताना त्याच दिवशीचा आहे ना, एवढे विचारून घ्यावे. चांगला खवा बोटांत चोळल्यावर तूप सोडतो आणि त्याला दुधाचाच वास येतो. आंबूस वास येत असेल तर तो घेऊ नये. सणाच्या दिवसांत खव्यात पिठाची भेसळ होते, ती ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे. चमचाभर खवा थोड्या पाण्यात उकळून पूर्ण थंड करावा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर त्यात पिठूळ पदार्थ मिसळलेला आहे, असे समजावे. तपासलेला नमुना अर्थातच फेकून द्यावा.

पाऊण किलो खवा हाताने मोकळा करून किंवा किसून, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटे भाजावा. आधी तो वितळून सैल होतो, नंतर हळूहळू गोळा होऊ लागतो, रंग फिकट बदामी होतो आणि कडेला तूप सुटते. त्या क्षणी गॅस बंद करून खवा परातीत काढावा, कारण तापलेल्या कढईत तो पुढेही भाजत राहतो. परातीतला खवा हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे आणि मगच ३०० ग्रॅम पिठीसाखर, वेलचीपूड आणि थोडे किसलेले जायफळ घालून तळहाताने मळावे. गरम खव्यात साखर घातली तर ती वितळते, मिश्रण सैल होते आणि गार झाल्यावर पेढा चिवट होतो. मऊ पेढ्याचे सारे काम या दहा मिनिटांच्या थांबण्यात आहे. मिश्रण कोरडे वाटले तर चमचाभर दुधाचा हात लावावा. मध्यम आकाराचे चाळीसच्या आसपास पेढे होतात. ते आदल्या दिवशी करून बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवावेत आणि वाढण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावेत.

शेंगदाण्याचे लाडू

यात सांगण्यासारखे फार नाही, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य आहे. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, साले पाखडून घ्यावीत. दाणे गार झाल्यावर भरड कूट करावे, त्यात ३०० ते ३५० ग्रॅम मऊ, चिरलेला गूळ आणि वेलचीपूड घालून मिक्सरमधून एकदाच थोडे फिरवावे. दाण्याचे तेल सुटले की पाक न करता आणि तूप न घालता लाडू वळले जातात. पंचवीसेक लाडू होतात आणि कोरड्या डब्यात आठवडाभर टिकतात. हे काम भाऊबीजेच्या दोन-तीन दिवस आधीच उरकून टाकावे. गुळाचे आहेत म्हणून मधुमेह असलेल्या आजी-आजोबांना ते हवे तितके द्यावेत, असा समज मात्र करून घेऊ नये. गुळानेही साखर वाढते, त्यांच्या पानात अर्धाच लाडू वाढावा.

डबल का मीठा

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा भाग होता आणि त्या सहवासातले काही पदार्थ आपल्याकडच्या लग्नघरांत आजही आदराने वाढले जातात. डबल का मीठा हा त्यांतला सर्वांत सोपा पदार्थ आहे. घरच्या दिवाळीत तो का करू नये, असा प्रश्न मला नेहमी पडतो, कारण त्याला लागणारी प्रत्येक वस्तू गल्लीतल्या दुकानात मिळते.

पावाचे पंधरा स्लाइस घ्यावेत, पाव एक दिवस शिळा असेल तर अधिक चांगले, कारण तो तूप कमी पितो. कडा काढून प्रत्येकाचे तिरके दोन तुकडे करावेत आणि तव्यावर तूप सोडून दोन्ही बाजूंनी सोनेरी, कुरकुरीत होईपर्यंत भाजावेत. कढईत तळण्यापेक्षा तव्यावर तूप निम्मेच लागते. दुसरीकडे एक लिटर दूध अर्धे होईपर्यंत आटवून त्यात केशराच्या काड्या घालून ठेवाव्यात. ३०० ग्रॅम साखर आणि तेवढेच पाणी उकळून, बोटाला चिकट लागेल इतपत पाक करावा, तार येऊ देऊ नये. गरम पाकात प्रत्येक तुकडा पाच-सात सेकंदच बुडवून लगेच पसरट ताटात मांडावा. जास्त वेळ ठेवला तर त्याचा लगदा होतो. सर्व तुकडे मांडून झाल्यावर वरून आटीव दूध सारखे पसरावे आणि तुपात तळलेले काजू-बेदाणे घालावेत. अर्ध्या तासात दूध आत मुरते, आणि तुकड्याच्या कडा किंचित कुरकुरीत, मध्यभाग मऊ असताना तो वाढावा. पावाचे तुकडे सकाळी भाजून आणि दूध आटवून ठेवले, तर पंगतीच्या तासभर आधी फक्त पाक आणि मांडणी एवढेच उरते.

सुधारस

सुधारस करून ठेवला तर अचानक आलेल्या आत्या-मावशांना काय वाढावे, ही चिंता राहत नाही. अर्धा किलो साखरेत पाव लिटर पाणी घालून एकतारी पाक करावा. पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटे सावकाश लांब केल्यावर एक तार न तुटता निघाली की गॅस बंद करावा. पाक किंचित निवला की त्यात तीन लहान लिंबांचा गाळलेला रस, वेलचीपूड आणि केशर घालावे. लिंबाच्या आंबटपणामुळे साखरेचे खडे पुन्हा सहजी जमत नाहीत आणि गोडीला उठावही येतो. पाक दोनतारी झाला तर गार झाल्यावर सुधारस घट्ट बसतो. तसे झाल्यास थोडे पाणी घालून पुन्हा एक उकळी आणावी, मात्र लिंबूरस घालण्याआधीच ही खात्री करून घ्यावी.

असा साधा सुधारस स्वच्छ बरणीत आठ दिवस राहतो. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या आणि डाळिंबाचे दाणे वाढण्याच्या अगदी आधी, लागेल तेवढ्याच सुधारसात घालावेत. अर्धापूरकडची केळी मिळाली तर ती त्यासाठी फार चांगली. पुरीबरोबर किंवा पोळीबरोबर तो वाटीभर न वाढता दोन-तीन डावच वाढावा.

कामाची मांडणी आणि उरलेले

कामे अशी वाटून घ्यावीत: लाडू आणि सुधारस पाडव्याच्या आधी, पेढे व बासुंदीचे दूध पाडव्याच्या संध्याकाळी, आणि भाऊबीजेच्या सकाळी फक्त सीताफळाचा गर. डबल का मीठा करायचा असल्यास पेढे वगळावेत, कारण दोन तुपकट पदार्थ एका पानात जड होतात.

संध्याकाळी लेकी परत निघताना डबा द्यायचा असतो, तेव्हा लाडू कितीही लांबच्या प्रवासाला चालतात. पेढे चार-पाच तासांच्या अंतरापर्यंतच द्यावेत आणि घरी पोहोचल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवायला सांगावे. बासुंदी एसटीच्या प्रवासात देऊ नये, ती दुपारच्या गाडीपूर्वीच संपवावी. रात्री उरली तर तिच्या लहान कुल्फ्या लावाव्यात, पण न तापवता, थेट साच्यात ओतून. सकाळपर्यंत त्या घट्ट होतात आणि मागे राहिलेल्या मुलांची दुसऱ्या दिवशीची दुपारची सोय होते.