पावसाळी हिवाळ्यात किनाऱ्यावरचे पक्षी पाहताना

आधी भरतीचं वेळापत्रक बघा, हवामानाचा अंदाज नंतर. ओहोटीला पक्षी चिखलात दूरवर पांगतात आणि पावसाच्या पडद्याआड नुसते ठिपके दिसतात. भरतीच्या साधारण दोन तास आधी जाऊन बसलात, की चढतं पाणीच त्यांना तुमच्याकडे ढकलतं. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चिखलात उतरूच नका. पाणी मागच्या ओहळातून आधी भरतं आणि परतीची वाट बंद होते.

वारा पाठीवर घ्या. पाऊस दुर्बिणीच्या काचेवर येत नाही. मात्र विसावलेले पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात, म्हणजे तुमच्याचकडे. गाडीतून बघत असाल तर आडोशाकडचीच काच उतरवा आणि हीटर बंद ठेवा, नाहीतर खिडकीतून बाहेर पडणाऱ्या गरम हवेने चित्र थरथरतं.

8×42 ची (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) जलरोधक दुर्बीण पुरते. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) 20 ते 30 पटींवरच ठेवा. 60 पटींवर अंधूक उजेडात चित्र काळवंडतं. दुर्बीण जॅकेटच्या आत ठेवायची सवय असेल तर सोडा. आतल्या उबदार दमट हवेने थंड काचेवर लगेच वाफ धरते. बाहेरच, पावसाच्या झाकणाखाली लटकू द्या. काच कोरड्या कापडाने पुसू नका, खारे कण ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याने धुवा, मग टिपा.

ओळख पटवताना रंगावर फार विसंबू नका. हिवाळ्यात बहुतेक जण करड्या पिसाऱ्यात असतात, भिजल्यावर आणखी गडद दिसतात, आणि पायांचा रंग चिखलाखाली जातो. चाल बघा: चिखले (प्लोव्हर पक्षी) धावतात, थबकतात, टोचतात. सँडरलिंग हा छोटा किनारपक्षी लाटेच्या मागेपुढे पळतो. डनलिन हा दुसरा छोटा किनारपक्षी एका जागी शिवणयंत्रासारखी चोच खुपसत राहतो, तिचं टोक किंचित खाली झुकलेलं असतं. ग्रे प्लोव्हर (करडा चिखल्या) उडेपर्यंत थांबा, काखेतला काळा डाग दिसला की शंका मिटते.

नोंदी पेन्सिलीने करा, शाई पसरते.

खाणं थांबलं, माना वर झाल्या, की दोन पावलं मागे या. थंडी-पावसात विनाकारण उडणं पक्ष्यांना महागात पडतं, आणि भरतीला बसायला दुसरी जागा असेलच असं नाही.