आधी पट्टी विचारा, मग ईक्यू फिरवा

नाशिकच्या गोदाघाटावरची पाडवा पहाट असो की कालिदास कलामंदिरातली नाट्यसंगीताची मैफल, मिक्सरवर नव्याने बसलेल्या माणसाचा हात आधी ईक्यूकडे (आवाजातल्या ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या बटणांकडे) जातो. त्याआधी गायकाला एकच प्रश्न विचारायचा असतो: "पट्टी कोणती?" पुरुष गायकाने "काळी एक" सांगितलं तर चॅनेलखालच्या टेपवर लिहून ठेवा: सा १३९, पंचम २०८, तार सा २७७ हर्ट्झ. गायिकेची काळी पाच असेल तर सा २३३, पंचम ३५०, तार सा ४६६. आपल्या संगीतात षड्ज पूर्ण मैफलभर हलत नाही. तानपुरा, पेटी, तबला सगळे त्यालाच मिळवलेले असतात. तिथे चुकून अरुंद कट (तेवढ्याच लहान भागातला आवाज कमी करणं) बसला की तानपुरा पोकळ होतो, पेटीचा नेमका एक स्वर बसका येतो, आणि ते दोन तास कुणाच्याच लक्षात येत नाही. फक्त "आज रंगलं नाही" असं ऐकू येतं.

पॅरामेट्रिक ईक्यूवर फ्रिक्वेन्सी, रुंदी (क्यू) आणि मात्रा (गेन) तिन्ही हवी तशी ठरवता येतात. त्याचा फायदा इथेच आहे. ३१ बँडच्या ग्राफिक ईक्यूवर २५० नंतर थेट ३१५ ची सरकती कळ येते. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून तो ३०० वर शिट्टी मारत असेल तर दोन्ही कळा खाली ओढाव्या लागतात आणि मधला २७७ चा सा फुकट मारला जातो. पॅरामेट्रिकवर फ्रिक्वेन्सी ३००, क्यू १०, गेन उणे ५ डीबी ठेवलं की काम भागतं, सा ला फारसा धक्का लागत नाही. शिट्टी नेमकी सा वरच आली तर मात्र कापू नका. मॉनिटरची (कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरची) पातळी उतरवा, त्याचा कोन बदला किंवा माइक वाद्याच्या जवळ न्या.

क्यू म्हणजे किती रुंद भागावर परिणाम होणार ते. १.४ म्हणजे साधारण एक सप्तक, १० म्हणजे जेमतेम पावणेदोन अर्धस्वर. स्वराचा पोत बदलायला १ ते २, शिट्टी घालवायला ८ ते १०. काही मिक्सरवर क्यूऐवजी बँडविड्थ सप्तकात दाखवतात. तिथे आकडा वाढला की भाग रुंद होतो, म्हणजे उलटं. लहान अ‍ॅनालॉग मिक्सरवर बहुतेकदा फक्त मधल्या बँडची फ्रिक्वेन्सी फिरते, क्यू ठरलेला असतो. त्यावर २-३ डीबीच्या पुढे जाऊ नका.

क्रम असा: माइकची जागा, इनपुट गेन (माइकमधून आत येणाऱ्या आवाजाची पातळी), हाय-पास (दिलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचा आवाज कापणारा फिल्टर), मग कट, अगदी शेवटी बूस्ट. डिजिटल मिक्सरवर सरासरी पातळी उणे १८ डीबीच्या आसपास आणि जोरदार थापही उणे ६ च्या खाली राहू द्या.

तबल्याला वेळ द्या. उजव्याला आणि डग्ग्याला वेगळे माइक, पुडीपासून (वरच्या कातड्यापासून) १०-१५ सेंटीमीटरवर. दोघे इतके जवळ असतात की प्रत्येक माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरतो. म्हणून ईक्यूला हात लावण्याआधी एका चॅनेलचं पोलॅरिटीचं (आवाजाची लहर उलटी करणारं) बटण दाबून बघा. ज्या स्थितीत डग्गा भरीव वाटतो ती ठेवा. फेजमुळे, म्हणजे दोन माइकमधल्या लहरींनी एकमेकींना खोडल्यामुळे, गेलेला खर्ज ईक्यूने परत येत नाही. हाय-पास उजव्याला १००, डग्ग्याला ४० ते ५०. डग्ग्याला ८०-१०० वर २-३ डीबी द्यायचे, पण क्यू १ च्या वर नको. घिस्सा देताना (तळहात पुडीवर घासताना) सूर वर सरकतो, बूस्ट अरुंद असेल तर तो एका जागी फुगतो आणि पुढे गायब होतो. खोक्यासारखा आवाज येत असेल तर ३०० ते ४५० मध्ये ३ डीबी कट, टेपवरचे आकडे बघूनच. चाटेची (पुडीच्या काठावरच्या बोलांची) धार ४ ते ५ हजारांत मिळते.

पेटीला माइक भात्यापासून दूर, सूर बाहेर पडतात त्या बाजूला, २५-३० सेंटीमीटरवर. भात्याची धपधप १०० च्या हाय-पासने जाते. खर्जाचे सूर असलेल्या पेटीला ८० च्या वर नेऊ नका. कर्कश वाटली तर २५०० ते ३५०० मध्ये रुंद कट, २-३ डीबी पुरे.

ई स्केलच्या बासरीचा सर्वांत खालचा स्वर २४७ च्या आसपास असतो, म्हणून १५० चा हाय-पास सुरक्षित. माइक फुंकेच्या वाटेत ठेवू नका. वरचे स्वर अंगावर येतात तो पातळीचा प्रश्न आहे, तिथे फेडरवर (चॅनेलची पातळी ठरवणाऱ्या सरकत्या कळीवर) बोट ठेवा. पिकअपवाल्या गिटारचा प्लास्टिकी आवाज १५०० ते ३००० मध्ये सापडतो, आणि तिचं पोट १०० व २०० च्या आसपास घुमतं. नाशिक ढोल सभागृहात आलाच तर मेनमध्ये (प्रेक्षकांकडच्या स्पीकरमध्ये) टिपरूचा (ढोल वाजवायच्या काठीचा) टणत्कार तेवढा द्या, बाकी तो स्वतःच पुरून उरतो.

त्रासदायक जागा शोधायला ६ डीबी बूस्ट करून फ्रिक्वेन्सी सरकवण्याची पद्धत सगळे शिकवतात. स्पीकर चालू असताना ती शिट्टीला आमंत्रण आहे. हेडफोनवर करा, आणि तुमच्या मिक्सरचा पीएफएल (एकच चॅनेल हेडफोनवर ऐकायची सोय) ईक्यूनंतरचा आहे ना ते आधी तपासा. शिवाय ६ डीबी वाढवल्यावर कोणतीही जागा वाईटच वाटते. काय खटकतंय ते आधी कानाने ठरवा, मग शोधा.

अनेक मिक्सरवर चॅनेलचा ईक्यू मॉनिटरलाही जातो. प्रेक्षकांसाठी पेटी मऊ केली की वादकाला ती ऐकू येईनाशी होते. म्हणून पोत चॅनेलवर आणि शिट्टीचे कट मॉनिटरच्या बसवर (मॉनिटरला जाणाऱ्या एकत्रित आवाजाच्या वाटेवर). बेहरिंगरच्या एक्स-३२ वर चॅनेलला चार आणि बसला सहा बँड मिळतात, तेवढे भरपूर झाले.

सकाळी घाटावर दव असतं, पुडी ढिली पडते. ऊन चढलं की ताणली जाते आणि तबलजी हातोडी काढतात. तबला पुन्हा मिळवून झाल्यावरच कट तपासा. सभागृहात उलट अडचण: रिकाम्या खुर्च्यांत टोचणारे वरचे स्वर माणसं भरल्यावर शोषले जातात, म्हणून साउंडचेकला ५००० च्या वर कापायची घाई करू नका.

शेवटी प्रत्येक चॅनेलचा ईक्यू बंद-चालू करून ऐका, पण दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवून, कारण मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो. एखाद्या चॅनेलवर चारही बँड १० डीबीच्या घरात पोहोचले असतील तर सगळं शून्यावर आणा आणि मंचावर जाऊन माइक हलवा.