पीएचपीत यादीनुसार नोंदी गाळताना

पीडीओमध्ये (पीएचपीतून डेटाबेसशी बोलण्याची सोय) क्वेरीतल्या एका प्रश्नचिन्हात, म्हणजे मूल्यासाठी राखलेल्या जागेत, एकच मूल्य बसतं. म्हणून ‘यादीतलं कुठलंही’ अशी अट घालणारं ‘इन (?)’ लिहून त्याला ‘3,7,12’ ही स्ट्रिंग दिली, तर आकडी कॉलमशी तुलना करताना मायएसक्यूएल तिचा फक्त 3 धरतो. एकच नोंद येते, एररही दिसत नाही, आणि हेच जास्त घातक.

जितकी मूल्यं तितकी प्रश्नचिन्हं हवीत: काउंटने मोजा, अरे_फिलने तयार करा, इम्प्लोडने स्वल्पविराम घालून जोडा. मूल्यं थेट क्वेरीत चिकटवू नका. इंजेक्शनचा (बाहेरून आलेल्या मजकुरातून क्वेरीत घातक आदेश घुसण्याचा) धोका तिथेच असतो. आधी नको ती मूल्यं काढणारं अरे_फिल्टर वापरलं असेल तर क्वेरी चालवणाऱ्या एक्झिक्यूटला यादी देण्यापूर्वी क्रमांक नव्याने लावणारं अरे_व्हॅल्यूज लावा, नाहीतर क्रमांकांत खंड पडून पॅरामीटर जुळत नाहीत.

यादी रिकामी असेल तर क्वेरी चालवूच नका. ‘इन ()’ला मायएसक्यूएल सिंटॅक्स एरर देतो. ‘नॉट इन’च्या (‘यादीत नसलेलं’ या अटीच्या) यादीत नल, म्हणजे मूल्यच नसल्याची खूण, शिरला, तर एकही नोंद मिळत नाही.