प्रशिक्षण कशाचं द्यायचं, ते उपकेंद्रात बसून ठरवा

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आराखडा मागणारं पत्र आलं की मासिक सभेत एक कागद फिरतो: 'तुम्हाला कोणतं प्रशिक्षण हवं?' पहिलीने 'कॉम्प्युटर' लिहिलं की खालच्या सगळ्या 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळ्या. असे कागद मीही गोळा केलेत. हाती काही लागत नाही. जे आपल्याला येत नाही हेच ठाऊक नसतं, ते कुणी मागणार कसं?

सुरुवात कामापासून करा. आशा, आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी यांपैकी एकच घ्या आणि तिने काय करायचं ते क्रियापदांत लिहा. 'नवजात बालकाची काळजी' असं मोघम नको. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचे, धोक्याची लक्षणं दिसली तर लगेच पाठवायचं. असं लिहिलं की तपासता येतं.

एकच यादी सांगली जिल्हाभर चालणार नाही. पलूस-मिरजेच्या कृष्णाकाठाने 2019 आणि 2021 चा पूर पाहिलाय. तिथे पिण्याच्या पाण्याची क्लोरीन तपासणी आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) हे विषय यादीत वरच्या जागी हवेत. शिराळ्याच्या डोंगरात सर्पदंश. जतच्या सीमेवर समोरची बाई कानडीत बोलते. कारखाने सुरू झाले की वाळव्यात ऊसतोडीच्या टोळ्यांतली लहान मुलं लसीकरणासाठी शोधावी लागतात.

मग रजिस्टर उघडा. पानभर 120/80, 110/70, 130/80 दिसलं तर थांबा. इतक्या माणसांच्या बीपीचा प्रत्येक आकडा शून्यावरच कसा संपेल? पण लगेच 'बीपीचं प्रशिक्षण द्या' असं लिहू नका. आधी जाऊन बघा.

एका उपकेंद्रात मी कोपऱ्यात बसले होते. आजीबाई उन्हातून चालत आलेल्या. पट्टा पोलक्याच्या बाहीवरूनच गुंडाळला, आजी सुनेचं गाऱ्हाणं सांगतायत, पाय टेबलावरून लोंबकळतायत. नंतर सिस्टरना विचारलं तर सगळं तोंडपाठ: पाच मिनिटं बसवायचं, पाठ टेकलेली, दंड उघडा, हृदयाच्या पातळीवर, बोलू द्यायचं नाही. मग? खोलीत खुर्ची एकच आणि बाहेर तीसेक माणसं. या बाईंना पुन्हा वर्गात बसवून काय साधणार होतं?

त्याच दुपारी दुसऱ्या एकीला विचारलं, लसीची उघडलेली बाटली पुढच्या लसीकरण सत्राला चालते का? 'नाही, सगळ्या टाकून द्यायच्या.' एमआर (गोवर-रुबेला) आणि बीसीजीचं (क्षयरोगाची लस) बरोबर आहे, भुकटीत द्रावण मिसळल्यापासून चार तासांत संपवायच्या. पण पेंटाची (पाच रोगांवरच्या एकत्र लसीची) बाटली नीट थंड ठेवली आणि मुदतीत असली तर 28 दिवस वापरता येते. इथे मात्र शिकवायला हवं.

म्हणून जे सापडेल त्याचे तीन ढीग करा: येतच नाही, येत होतं पण हात बसलेला नाही, येतं पण साधन किंवा वेळ नाही. पहिल्याला वर्ग. दुसऱ्याला शेजारी उभं राहून करवून घेणं पुरतं. तिसरा ढीग बहुतेक वेळा सगळ्यात मोठा निघतो. तो प्रशिक्षणाच्या आराखड्यात घुसडू नका, मागणीपत्रात घाला.

बघायला जाताना तपासणी असल्याचा वास येऊ देऊ नका. साहेबांना बाहेर बसवा, टिपणात नाव लिहू नका. तुम्ही 'मेमो द्यायला आलाय' असं एकदा पसरलं की पुढच्या सगळ्या उपकेंद्रांत तुम्हाला आदर्श बीपी बघायला मिळेल.

विषय जास्त निघाले तर चुकल्यास जीव जाईल ते आधी, मग जे रोज करावं लागतं ते. तारीख ठरवताना आशांना विचारा. त्यांचा बराचसा मोबदला कामावर असतो, त्यामुळे एक दिवस वर्गात म्हणजे खिशाला चाट. लसीकरणाचा दिवस आणि महिनाअखेर टाळा.

वर्गानंतर लगेच घेतलेल्या चाचणीत सगळेच पास होतात. तीन महिन्यांनी तीच यादी घेऊन त्याच कोपऱ्यात परत बसा.