‘ओरी’ पहिल्यांदा खेळताय? निदान या चुका तरी करू नका

ओळखीतलं कुणी ना कुणी ‘ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट’ सुरू करतं आणि दुसऱ्याच दिवशी मला मेसेज येतो, “अरे, मेलो तर इतकं मागे का फेकलं?” सेव्ह केलं नव्हतं म्हणून, दुसरं काय! २०१५ चा व्हिडिओ गेम आहे हा, ओरी नावाच्या छोट्या जिवाला जंगलातून उड्या मारत न्यायचं. ‘सोल लिंक’ची ज्योत जिथे लावाल तिथेच मेल्यावर उठाल, आणि ती लावायला ऊर्जा लागते. इतकं साधं आहे, पण पहिल्या तासात हे कुणीच मनावर घेत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा माझ्या लॅपटॉपवर खेळत बसला होता. काट्यांची एक अवघड भिंत पार केली, वरच्या कपारीतून आयुष्य वाढवणारा हिरवा गोळा मिळवला, दारासाठी लागणारे दगडही गोळा केले. मी मागून दोनदा म्हटलं, “ज्योत लाव.” “थांब ना मामा, एवढं दार उघडतो.” पुढच्याच उडीत बोटभर कमी पडला आणि काट्यांवर गेला. डोळे उघडले ते पार भिंतीच्या खाली. गोळा वर, दगड जागच्या जागी, पंचवीस मिनिटं पाण्यात. पोरगं जेवताना एक शब्द बोललं नाही. नंतर हळूच म्हणाला, “सिस्टीमच फालतू आहे.” सिस्टीम फालतू नाही रे बाबा, तुला घाई आहे.

माझी सवय सांगतो. काहीही मिळालं की ज्योत. अवघड उडी पार झाली की ज्योत. शत्रू जवळ असेल तर ती लागत नाही, म्हणून आधी त्याला संपवायचं. आणि एका ज्योतीपुरती ऊर्जा कायम शिल्लक ठेवायची. नवखे लोक चार्ज फ्लेम (साठवून सोडायचा स्फोटक हल्ला) मिळाली की दिसेल त्या किड्यावर ती उधळतात. तीही त्याच ऊर्जेवर चालते. मग नेमक्या वेळी खिसा रिकामा.

दुसरी ठरलेली रड जिन्सो वृक्षाची. झाडाच्या आत खालून पाणी चढत येतं आणि तुम्हाला वर पळायचं असतं. इथे मध्ये सेव्ह नाही, मेलात की पळणं पहिल्यापासून. मी स्वतः इथे तिसेक वेळा मेलो, त्यामुळे हसणार नाही. पण कारण एकच होतं, मी पाण्याकडे बघत होतो. पाणी येणारच आहे, नजर वर ठेवा. शिवाय ‘बॅश’ हा डाव नीट हातात बसलेला नसतो. शत्रूला किंवा त्याने फेकलेल्या गोळ्याला धरलं की वेळ क्षणभर थांबतो आणि एक बाण दिसतो. तो बाण तुम्ही कुठे जाणार ते दाखवतो, समोरची वस्तू उलट्या दिशेला उडते. निम्मे लोक बाण शत्रूवर रोखतात आणि स्वतः त्याच्याच अंगावर जाऊन आदळतात. पळण्याआधी झाडाच्या खालच्या भागात दहा मिनिटं नुसता बॅश करत बसा. कंटाळवाणं आहे, मान्य. तरीही नाही जमलं तर झोपा. मला सकाळी तिसऱ्या प्रयत्नात जमलं. यूट्यूबवर दुसऱ्याचं पळणं बघून मला तरी काही उपयोग झाला नाही, त्याची बोटं मला थोडीच मिळणार होती!

बाकीच्या किरकोळ चुका:

सुरुवातीचा नारू (ओरीला वाढवणारी) आणि ओरीचा भाग मोबाईल चाळत बघू नका, पुढचं सगळं रडू त्या दहा मिनिटांवर उभं आहे. हेडफोन लावा, गॅरेथ कोकरचं संगीत लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे पाप आहे. नकाशाचे तुकडे मिळाले की ते त्या-त्या भागातल्या नकाशाच्या दगडात बसवा, खिशात घेऊन हिंडू नका. घेणार असाल तर २०१६ ची डेफिनिटिव्ह एडिशनच घ्या. तीत एका स्पिरिट वेलवरून (आयुष्य आणि ऊर्जा भरून देणाऱ्या झऱ्यावरून) दुसऱ्यावर थेट जाता येतं आणि ईझी मोडही आहे. ईझीवर खेळण्यात लाज कसली? ‘वन लाइफ’ (एकदा मेलात की खेळ संपला) मात्र पहिल्या खेपेला निवडू नका, नाव वाचूनही निवडणारे मी पाहिलेत.

आणि ज्यांनी दुसरा भाग आधी खेळलाय, त्यांनी वरचं ज्योतीचं पुराण पुन्हा वाचावं. २०२० च्या त्या गेममध्ये सेव्ह आपोआप होतं, इथे त्यावर विसंबता येत नाही.